बाळदेवीला गेलेली माणसं

जपानातल्या त्सुकुबाहून जयेश दोन गाड्या बदलून फुनाबोरीला आला, तो हातात पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन. दारात बूट काढताना त्याने ती नळी अशी काही उंच धरली होती की आत ताम्रपटच असावा. उदयने धाकट्या भावाचा चेहरा पाहिला आणि मनाशी म्हटलं, आजचा रविवार गेला.

उदयचं घर सातव्या मजल्यावर. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी फडताळ, फडताळाच्या वरच्या कप्प्यात आईचे देव, आणि देवांच्या खाली पांढऱ्या कापडात बांधलेल्या चिनी मातीच्या बरणीत बाबा. म्हणजे अर्धे बाबा. बाकीचे अर्धे गोदावरीत सोडून झाले होते. हे अर्धे उदयने मागे ठेवून घेतले, कारण इस्पितळात शेवटच्या दिवशी बाबांनी त्याचा हात धरून म्हटलं होतं, "उदय, मला बाळदेवीला न्यायचं बघ." आणि उदय म्हणून गेला होता, "नेतो बाबा."

म्हणून गेला खरा, पण बाळदेवी आहे कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आडनाव बाळदेवीकर, कुलदेवता बाळदेवी आणि गावाचा पत्ता नाही. बाबांनी नोकरीतल्या सगळ्या रजा त्यापायी घालवल्या. राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकही देऊळ सोडलं नाही, पुजाऱ्यांना विचारून विचारून बेजार केलं. निवृत्तीनंतर उदयकडे जपानला राहायला आले तरी बाल्कनीत बसून फोनच्या नकाशावर कोकण धुंडाळत असत. गाव काही सापडलं नाही.

त्यात घरातल्या बोलण्याची आणखी एक खोड होती. बाळदेवीकरांकडे माणूस वारला असं म्हणत नसत, 'बाळदेवीला गेला' असं म्हणत. आजोबा बाळदेवीला गेले, मोठी काकू बाळदेवीला गेली. मग बाबा शेवटी नक्की काय म्हणाले होते? मला आपल्या गावी ने, असं? का आता माझं संपत आलं, असं? अकरा महिने उदय या घोळात होता. त्याच्या हाताखाली तीसजण काम करत आणि कोणाचं कुठे अडलंय ते त्याला एका नजरेत कळे, पण सख्ख्या बापाचं एक वाक्य त्याला लागत नव्हतं.

आता वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. रजा मिळाली होती दहाच दिवसांची, म्हणजे कुठेतरी एकाच ठिकाणी जाता येणार होतं. उरलेल्या अस्थी गोदावरीत सोडायला येणार का, ते नाशिकच्या गुरुजींना सोमवारी सकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं. आईने बजावलं होतं, "या रविवारी एकदाचं ठरवा. माणूस असा दोन ठिकाणी ठेवू नये."

"सापडली," जयेश म्हणाला.

"काय सापडली?" उदयची बायको मिताली कुकर लावत होती.

"बाळदेवी."

आई टेबलाशी कोथिंबीर निवडत बसली होती. तिचा हात थांबला. "कुठे?"

"स्कॉटलंडमध्ये."

"स्कॉटलंड म्हणजे?"

"इंग्लंडच्या वर, आई."

"इंग्लंडच्या वर काय आहे ते मला माहितेय. देवी तिथे काय करतेय?"

जयेशने नळीतून कागद काढून टेबलावर पसरला, एका टोकावर चहाचा कप ठेवला आणि दुसऱ्यावर कोथिंबिरीची जुडी. ती एक वंशावळ होती. त्याच्या संशोधन संस्थेत महिनाभरासाठी एक स्कॉटिश पाहुणा आला होता. त्याने जयेशच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि म्हणाला, आमच्याकडे डोंगरात बाल्डेव्ही नावाची एक जुनी जहागीर आहे. जयेशने त्या रात्रीच तिथल्या मालकीणबाईंना पत्र पाठवलं. बाईंनी घराण्याच्या छापील इतिहासाची पानं पाठवून दिली.

"तिथल्या जमीनदाराला लेअर्ड म्हणतात," जयेश म्हणाला. "आपल्या खोतासारखा. आणि गंमत बघ दादा, त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत, जमिनीच्या नावाने मारतात. बाल्डेव्हीचा लेअर्ड तो नुसता बाल्डेव्ही."

"म्हणजे आपल्या 'कर'सारखंच की," मिताली ओट्यापासून वळली.

"तेच तर. आता इथे बघ." त्याने बोट ठेवलं. "डेव्हिड. धाकटा मुलगा. बारा वर्षं रत्नागिरीला होता, बंदराच्या कामावर. मोठा भाऊ वारला म्हणून अठराशे त्र्याहत्तरला परत गेला आणि लेअर्ड झाला. आपली लिहिलेली वंशावळ कुठे सुरू होते? धोंडोपंतांपासून. जन्म अठराशे अडुसष्ट. आणि माझे डोळे बघ."

"घारे डोळे अर्ध्या रत्नागिरीला आहेत," उदय म्हणाला.

"पण आडनाव आहे का अर्ध्या रत्नागिरीला?"

मितालीचा चेहरा उजळला होता. तिने ओढणीला हात पुसले आणि जयेशच्या बाजूला येऊन उभी राहिली. "म्हणजे आमच्या ओजस्वीचे पूर्वज..."

"खोत," जयेश म्हणाला. "वाडा, जमीन, तलाव, सगळं." पंचेचाळिशीला आलेल्या आणि लग्नाचा अजून विचारच करत असलेल्या जयेशला एकदम मोठं खानदान लाभलं होतं. तो त्सुकुबात चार खोल्यांच्या घरात एकटा राहत असे, त्यामुळे उदयला त्याचा राग येण्याऐवजी वाईटच वाटलं.

आईने कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला केल्या. "जयेश, मला नीट समजावून सांग. हा साहेब रत्नागिरीला होता. आपण त्याचे वंशज. म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आजीला त्या साहेबाने ठेवली होती, असं म्हणायचंय तुला?"

कुकरची शिट्टी झाली.

"तसंच असं नाही आई. लग्न केलं असेल."

"आणि मग तिला टाकून निघून गेला? चांगलं खानदान शोधलंस."

मिताली जिथे उभी होती तिथून अर्धं पाऊल मागे सरली. आधी तिला हे सुचलंच नव्हतं. "आईंचं बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "हे असं ओजस्वीला काय सांगायचं?" एवढ्यात जयेशचा पक्ष एकट्याचा झाला. त्याने आधारासाठी उदयकडे पाहिलं आणि उदयने वंशावळीकडे.

"यांना स्कॉटलंडला नेणार नाही मी," आई म्हणाली. "ते त्या दिवशी एवढंच म्हणाले, की आता माझं झालं. आपल्या घरात तसंच म्हणतात. तू उगाच शब्द देऊन बसलास, उदय. उद्या गुरुजींना हो कळव."

"पण 'न्यायचं बघ' म्हणाले होते, आई. 'जातो' म्हणाले असते तर वेगळं."

"मरणारा माणूस व्याकरण बघत नाही."

गोष्ट इथेच मिटली असती, पण जयेशने सहा वाजता बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरवून टाकलं होतं. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ होणार होते. ओजस्वी शिकवणीहून आली, तिने कोट काढला, आणि टेबलावरचा पसारा पाहून जपानीत विचारलं, हे काय चाललंय? "कुळ शोधतोय," उदयने मराठीत सांगितलं. त्या घरात बापलेकीचं असंच चाले, प्रश्न एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या.

सहाला पडद्यावर बाई आल्या. एलस्पेथ त्यांचं नाव. सत्तरीच्या पुढच्या, घरातच जाड लोकरीचा कोट घालून बसलेल्या, मांडीवर म्हातारं कुत्रं. वाड्याच्या दोन खोल्यांत त्या राहत होत्या आणि बाकीच्या गळत होत्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं इंग्रजी उदयला निम्मंच कळत होतं. आयुष्यभर कामावर इंग्रजी बोललेला माणूस, पण या बाईंचे 'र' घरंगळत येत आणि वाक्याचा शेवट घेऊनच निघून जात. आईला भाषांतर करून सांगायचं काम त्याच्याचकडे आलं, हे एक दुर्दैव.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, बाल्डेव्हीला थंडी फार. म्हणजे गावाला नाही... त्यांच्या आजोबांना. आजोबांना थंडी फार वाजायची. का गावालाच? थांब."

"आजोबांचंच नाव बाळदेवी ना? मला कळतंय. तू गोंधळू नको."

जयेशने मुद्द्याला हात घातला. छापील पानावर घराण्याची मुद्रा होती. एका पायावर उभा असलेला बगळा. ती त्याने कागदावर मोठी करून आणली होती. उदयने ती आता पहिल्यांदा नीट पाहिली. त्याने फडताळाकडे बघितलं. आईही तिकडेच बघत होती.

देवांमध्ये बाळदेवीचा टाक होता. जुन्या रुपयाएवढा, गोल, चांदीचा. जुन्या चांदीला तांबूस झाक येतेच असं आई म्हणायची. त्यावर एका पायावर उभा असलेला बगळा होता. देवी बगळ्यावर बसलेली होती, पण दीडशे वर्षांच्या पूजेने देवी झिजली आणि वाहन तेवढं उरलं, असं आजेसासूने आईला सांगितलेलं. आईने लग्न झाल्यापासून चोपन्न वर्षं त्या बगळ्याला दुधाने न्हाऊ घातलं होतं, गंध लावलं होतं, नवरात्रात त्याच्यापुढे अखंड दिवा ठेवला होता.

आई उठली. तिने टाक आणला आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर धरला. बगळा तोच होता. चोच तशीच, उचललेला पाय तसाच. जयेशने टेबलावर थाप मारली. "झालं. आता काय पुरावा हवा?"

बाई पुढे वाकल्या. कुत्रं मांडीवरून उतरलं. "मागची बाजू दाखवाल का?" त्यांनी विचारलं.

मागे एक छोटी कडी होती. पूर्वी देवी गळ्यात घालत असावेत, अशी घरातली समजूत. बाईंनी ती निरखून पाहिली. मग सावकाश, उदयला सगळं समजेल इतक्या सावकाश बोलल्या.

"काय म्हणतेय? लिव्हरचं काय म्हणाली?"

"लिव्हर नाही आई. लिव्हरी. त्यांच्याकडे..." उदय अडखळला. "त्यांच्याकडे नोकरांना जो कोट असायचा ना, गणवेश, त्यावर घराण्याची खूण असलेली बटणं असायची. हे ते बटण आहे. चांदीचा मुलामा दिलेलं."

आईने तळहातावरच्या बगळ्याकडे पाहिलं. जयेश खुर्चीत मागे टेकला. मघाशी खोत झालेला माणूस तासाभरात गडी झाला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नोकराचं बटण," तो म्हणाला. "आपण नोकराचं बटण पुजत होतो."

"तू कुठे पुजलंस?" आई म्हणाली. "पुजलं मी."

तेवढ्यात मितालीने पुढे होऊन सासूच्या खांद्यावर हात ठेवला. जयेशकडे बघून तिने मान हलवली, आता पुरे म्हणून. उदयला वाटलं, लॅपटॉप मिटावा. बाबा आयुष्यभर ज्या देवीला शोधत हिंडले ती एक कोटाची गुंडी निघाली, हे बरं झालं त्यांना कळलं नाही. आणि लगेच दुसरं वाटलं, की कळलं असतं तर ते खो खो हसले असते. दोन्ही खरंच वाटत होतं.

बाई मात्र थांबल्या नव्हत्या. त्या काहीतरी शोधत होत्या. एक जुनी जाड वही घेऊन त्या परत आल्या आणि त्यांनी एक नाव वाचलं. "सुकरम?"

"विचारतायत, हे नाव ओळखीचं आहे का," उदय म्हणाला. "सुकरम."

आईने मान वर केली. "परत म्हणायला सांग."

बाईंनी परत म्हटलं.

"सखाराम," आई म्हणाली. "उदय, सखाराम. पितृपक्षात हे पाणी सोडायचे तेव्हा काय म्हणायचे? गोविंद, धोंडो, सखाराम. बाप, आजा, पणजा. दर वर्षी मी शेजारी पळी घेऊन बसलेली असायची."

मग बाई वाचू लागल्या आणि उदय एकेका वाक्याचं मराठी करत गेला. डेव्हिड साहेबाने पाठवलेल्या पत्रांच्या नकला त्या वहीत होत्या. हे पत्र अठराशे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतलं, रत्नागिरीच्या कचेरीला लिहिलेलं.

"माझा नोकर सखाराम काल छातीच्या दुखण्याने वारला. तो आपणहून माझ्याबरोबर आला होता, दोन वर्षांत परत पाठवीन असा मी त्याला शब्द दिला होता." उदय थांबला. पुढचं त्याने ऐकून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. "त्याची बायको रत्नागिरीजवळ आहे. तिला पाठवायला त्याच्याजवळ स्वतःचं काहीच नव्हतं. म्हणून त्याने विनंती केली की त्याच्या अंगातल्या कोटाचं एक बटण कापून तिला द्यावं. कोट माझाच होता, त्यामुळे तेही त्याचं नव्हतं, पण मी ते कापलं. त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे. बाप वारला हे त्याला एवढ्यात सांगू नये असं सखारामचं म्हणणं होतं. मुलाने विचारलं तर सांगा, बाबा बाल्डेव्हीला गेलेत."

उदयला आजीने सांगितलेली गोष्ट आठवली. धोंडूला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, बाप कुठे असतो? धोंडू म्हणाला, बाळदेवीला. मास्तरांनी पटावर लिहिलं, धोंडो सखाराम बाळदेवीकर. घरात ही गोष्ट पोराच्या भाबडेपणाची म्हणून हसत सांगत. लहानपणी उदयही हसला होता. आता त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत बसला.

ओजस्वी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती जपानीत भराभर काहीतरी बोलली. दाइनी बोतान, एवढं सगळ्यांना ऐकू आलं.

"काय म्हणतेय ग पोर?"

"मीच सांगते आजी." ओजस्वीने मराठी शब्द जुळवायला सुरुवात केली. "आमच्या शाळेत, लास्ट डे असतो ना, तेव्हा मुलगा आपल्या कोटाचं दोन नंबरचं बटण काढतो. ते हार्टच्या जवळ असतं. आणि जी आवडते तिला देतो."

"मग ती मुलगी काय करते त्याचं?"

ओजस्वीने खांदे उडवले. "जपून ठेवते."

आईने मुठीतलं बटण पाहिलं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवलंही नाही. "त्या बाईने जपून ठेवलं," ती म्हणाली. "आम्ही सुना वेड्या. आम्ही देव केला."

बाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं. जयेशने त्यांना इंग्रजीत समजावलं, आणि उदयच्या लक्षात आलं की समजावताना तो 'आमचे सखाराम' म्हणत होता. मग बाईंनी शेवटचं एक सांगितलं. घराण्याच्या कबरस्तानात कोपऱ्यात एक दगड आहे. लहानपणापासून त्या तो बघत आल्या. त्यावर दोनच गोष्टी कोरल्यात, नाव आणि 'ऑफ बाल्डेव्ही'. बघणारे नेहमी म्हणतात की ही चूक झाली, कारण तसं फक्त लेअर्डच्या नावापुढे लावतात. ती चूक नव्हती असं त्यांना आता वाटत होतं.

"काय लिहिलंय दगडावर?" आईने विचारलं.

उदयने भाषांतर केलं. आज दिवसभरात ते एकच त्याला सरळ जमलं. "सखाराम बाळदेवीकर."

बाईंचा निरोप घेऊन लॅपटॉप बंद केला तेव्हा भात गार झाला होता. आईने बटण पुन्हा देवांत ठेवलं, पण मध्यभागी नाही, जरा कडेला. मग खालच्या कप्प्यातल्या बरणीचं कापड सारखं केलं.

"आई," उदय म्हणाला, "मला अजून कळत नाही, बाबांना नक्की काय म्हणायचं होतं."

"त्यांनाही कळलं नसेल. त्या धोंडूला तरी कुठे कळलं होतं?"

"मग गुरुजींना काय सांगू?"

आईने बरणीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी बाळदेवीला जाते."

मितालीच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. जयेश अर्धवट उठला. त्या घरात हे शब्द ज्याच्या ज्याच्याबद्दल म्हटले गेले तो परत आला नव्हता.

"आई, असं काय बोलतेस?"

"असे बघताय काय सगळे? विमानाने जाते. तू रजा काढलीच आहेस, तू चल. जयेशलाही घे, त्याला त्याच्या खोताचा वाडा बघायचाय. पाणी आपण सखारामांना इथून सोडत आलो, ते पोचलं असेल. पण दीडशे वर्षांत घरचं माणूस एकही गेलं नाही तिकडे. यांना ठेवू त्यांच्याजवळ. दोघांनाही सोबत होईल."

"आणि बटण? ते परत द्यायचं?"

"ते कशाला परत? ते त्याने बायकोला दिलंय. ते इथेच राहील." तिने कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या, ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या आणि हात धुतले. "आणि चुकलं माझं. 'जाते' नाही म्हणायचं. जाऊन येते. उदय, तिकीट परतीचंही काढ."